दशपाद कवचधारी म्हणजे खेकडे

माझ्या पीएच.डी.चा विषय खेकडे हा होता. आज हे वाक्य मी सहज लिहिते. तेव्हा लिहायची सोय नव्हती, कारण माझ्या मार्गदर्शक सरांच्या मते माझा विषय ‘उत्तर कोकणातील भातशेती परिसंस्थेतील गोड्या पाण्यातील दशपाद कवचधारींच्या बिळरचनात्मक वर्तनाचे बहुआयामी मूल्यमापन’ हा होता. नोंदणी झाली त्या दिवशी घरी जाऊन मी हे नाव सगळ्यांना वाचून दाखवलं. वडिलांनी मान डोलावली. आईने हातावर साखर ठेवली. आत्या तेवढी विचारात पडली.

“म्हणजे चिंबोऱ्याच ना?” ती म्हणाली.

“हो.”

“मग चिंबोऱ्या म्हणायला बंदी हाय का?”

ही आत्या डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथे ती आमच्याकडेच राहायची. घरात ती गावचं बोलायची, रागावली की मात्र पुस्तकातलं मराठी सुरू व्हायचं. तिच्या तोंडून ‘नाय’च्या जागी ‘नाही’ आलं की आम्ही भावंडं अंगणात निघून जायचो.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची आहे. आमच्याकडे भाताचे बांध झिरपतात. खाचरात कोंडलेलं पाणी सकाळी पाहावं तर खालच्या माणसाच्या खाचरात गेलेलं असतं. बांधात भोकं दिसतात, भोकाच्या तोंडाशी खेकडा दिसतो, त्यामुळे गुन्हेगार कोण हे ठरूनच गेलेलं. लोक भोकात विषारी औषध ओतायचे. सरांनी स्वतःची डॉक्टरेट याच खेकड्याच्या उपद्रवावर मिळवली होती आणि पुढे ‘खेकडा : भातशेतीचा छुपा वैरी’ नावाची एक पुस्तिकाही लिहिली होती. मुखपृष्ठावर नांग्या उगारलेला खेकडा आणि मागच्या पानावर सरांचा फोटो. दोघांच्याही चेहऱ्यावर निर्धार होता.

खेकड्याच्या अपराधाचा आणखी थोडा पुरावा गोळा करावा एवढ्यासाठी सरांनी मला घेतलं होतं. मी भात कापून झालं की बांधाबांधाने हिंडायचे आणि बिळांमध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतायचे. ते घट्ट झालं की भोवतीची माती काढून बिळाचा आख्खा साचा बाहेर निघतो. गावात बातमी पसरली की अमक्याची मुलगी चिंबोऱ्यांच्या मोडलेल्या तंगड्या प्लॅस्टरात घालते. लोक थांबून विचारायचे, “बरी हाय का गो आता?” मी म्हणायचे, बरी आहे.

साचे निघायला लागले आणि पंचाईत झाली. खेकड्याचं बीळ बांधातून खाली उतरायचं, थोडं वळायचं आणि तळाशी फुगीर होऊन संपायचं, पायमोजा टांगल्यासारखं. पलीकडे काही ते निघत नव्हतं. आरपार जाणारी बिळं वेगळीच होती, फाटे फुटलेली, दोन-दोन तोंडांची. ती उंदरांची. पाणी पळवणारा दुसराच होता आणि औषध खेकड्याला पाजलं जात होतं.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते अजिबात चिडले नाहीत. सर कधीच चिडत नसत. माणसाला चिडायला निदान एक सरळ वाक्य लागतं, आणि सरांकडे ते नसायचं. त्यांनी चहा मागवला, साचे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “रोचक आहे. मांडणीत काळजी घ्यायला हवी.”

मांडणीतली काळजी म्हणजे काय ते मला पुढे महिनोन् महिने कळत गेलं. मी लिहिलं, ‘खेकड्यांची बिळं सहसा आरपार जात नाहीत.’ सरांनी ते खोडून केलं, ‘कवचधारींच्या बिळांच्या पारगामित्वाविषयीची निरीक्षणे मर्यादित स्वरूपाची असल्याचे आढळून येते.’ मी लिहिलं, ‘पाणी उंदरांच्या बिळांतून जातं.’ त्याचं झालं, ‘जलऱ्हासाच्या संदर्भात अन्य कृंतक घटकांची संभाव्य भूमिकाही विचारात घेणे अप्रस्तुत ठरू नये.’ खोटं त्यात काहीच नव्हतं. सगळं खरं जागच्या जागी होतं, फक्त कोणाला सापडू नये अशा बेताने ठेवलेलं. मला त्या कौशल्याचं मनापासून कौतुक वाटायचं आणि घरी येताना एसटीत रडूही यायचं.

अशातच मुरबाडला एका विज्ञान मंडळाने परिसंवाद ठरवला. विषय शेती आणि विज्ञान, भाषा मराठी, श्रोते शिक्षक, विद्यार्थी आणि शेतकरी. सर प्रमुख पाहुणे होते आणि त्यांनी वक्त्यांत माझं नाव घातलं. “संधी आहे,” ते म्हणाले, “पण भाषण मला आधी दाखव.” मी दाखवलं. त्यांनी दुरुस्त केलं. दुरुस्त झालेलं भाषण पाठ करत मी घरात येरझाऱ्या घालू लागले आणि आत्याने खुर्ची ओसरीवर आणून मांडली.

“सांग.”

मी सुरुवात केली. ‘उत्तर कोकणातील भातशेती परिसंस्था ही...’

“थांब. काय सापडलं तुला?”

“ते शेवटी येतं.”

“शेवटापर्यंत कोण बसलंय? पहिल्या वाक्यात सांग.”

“पण आधी प्रस्तावना, मग पूर्वसंशोधन, मग पद्धती...”

“पहिलीच्या पोरांना मी कधी प्रस्तावना सांगितली नाय. पोरं उठून जातात. मोठी माणसं उठत नायत, बसल्या जागी जातात. एवढाच फरक.”

पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. आत्याला विज्ञानातलं काही कळत नव्हतं आणि ती तसं सरळ सांगायची. तिला कळायचं ते एवढंच की समोरच्याचं लक्ष कुठे सुटलं. ‘परिसंस्था’ म्हटलं की ती मुद्दाम जांभई द्यायची. मी भिंतीकडे बघून बोलले तर म्हणायची, भिंतीला पास केलंस, आता मला कर. तक्त्यावर मी सात गोष्टी घातल्या होत्या, तिने विचारलं, यातली एकच ठेवायची तर कुठली? मी बराच वेळ विचार केला आणि माझ्या ध्यानात आलं की आपल्याला हे ठाऊकच नाही. इतकी वर्षं मी हे काम करत होते. त्या रागाने मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिने खुर्ची हलवली नाही.

बोलणं पुन्हा सुरू झालं तेव्हा मी एकच चित्र ठेवलं. बांध मधोमध कापलेला, डावीकडे खेकड्याचं बीळ, उजवीकडे उंदराचं, पाणी निळ्या शाईने. ते ओव्हरहेड प्रोजेक्टरचे दिवस होते, पारदर्शक कागदावर हाताने काढावं लागायचं. सुरुवातीची वाक्यं आत्याने घडवली. ‘बांधातून पाणी जातं. दोष खेकड्याला देतात. मी बिळं भरून पाहिली. पाणी नेणारा खेकडा नाही.’ तिने ती माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतली की शेजारच्या घरातही ती पाठ झाली.

सरांना हे मी कळवलं नाही. पिशवीत दोन्ही भाषणं ठेवली, सरांचं वर आणि आत्याचं खाली. कुठलं करायचं ते ठरलेलं नव्हतं. मला डॉक्टर व्हायचं होतं आणि सहीचा अधिकार सरांकडे होता, हे आत्याही जाणून होती. ती परिसंवादाला न बोलावता माझ्याबरोबर आली.

परिसंवाद एका लग्नाच्या कार्यालयात होता. आदल्या दिवशीचं लग्न उरकलं होतं, पण व्यासपीठाच्या मागे थर्माकोलची ‘शुभविवाह’ ही अक्षरं तशीच होती. संयोजकांनी त्यांवर ‘राज्यस्तरीय परिसंवाद’ असं कापड लावलं होतं. कापड आखूड पडलं, त्यामुळे ‘शुभ’ तेवढं उघडं राहिलं. नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांत एकीकडे मंडळाचे अध्यक्ष बसले, दुसरीकडे आमचे सर. अध्यक्ष तालुक्यातले मोठे शेतकरी, भातगिरणीचे मालक. विज्ञानाशी त्यांचा संबंध मंडप आणि जेवणापुरता होता, आणि तो त्यांनी चोख निभावला होता.

सकाळ दीपप्रज्वलनात गेली. मग स्वागतगीत, मग शाल आणि नारळ. सत्कार इतके होते की सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार करावा लागला. प्रास्ताविक करणाऱ्या गृहस्थांनी ‘वेळेअभावी थोडक्यात’ असं म्हणून माणसाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. जेवणाला मसालेभात आणि जिलबी होती. त्यानंतर पहिले वक्ते उभे राहिले. त्यांनी कागद प्रोजेक्टरवर उलटा ठेवला, सरळ केला, तेव्हा तो आरशातल्यासारखा झाला. अखेर अक्षरं दिसली तर ती मुंगीएवढी. वक्त्यांनी पाठ फिरवली आणि पडदा वाचायला घेतला. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता, त्याच्या जोडीला हळूहळू श्रोत्यांमधूनही घरघर सुरू झाली. पहिल्या रांगेतले एक शिक्षक तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांच्या शेजारी आत्या ताठ बसलेली. वर्गावर नजर ठेवावी तशी ती सगळ्यांवर नजर फिरवत होती.

मला धीट वगैरे व्हायचं नव्हतं. पण ती झोपलेली माणसं बघून मला एकदम लाज वाटली. तानशाच्या बाजूचे, धसईचे शेतकरी कामं टाकून आले होते, आणि आता मी उठून त्यांना पारगामित्वाविषयी सांगणार होते. माझं नाव पुकारलं. मी पिशवीत हात घातला आणि खालचं भाषण काढलं.

“बांधातून पाणी जातं,” मी म्हणाले. “दोष खेकड्याला देतात.”

माझा आवाज कापत होता. मी दोन्ही साचे वर धरले, एका हातात पायमोजा आणि एका हातात फाटे. मागच्या रांगेतली माणसं बघायला उठून उभी राहिली. कोणीतरी झोपलेल्या शिक्षकांना हलवलं. मी चित्र लावलं, निळं पाणी उजवीकडून गेलेलं दाखवलं आणि कसं भरलं, कसं खणलं ते सांगितलं. सांगता सांगता कापरं कधी गेलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की समोरचे चेहरे माझ्या हाताबरोबर वळत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होते आणि ते जसंच्या तसं पलीकडे पोचत होतं. या सुखाबद्दल मला विद्यापीठात कोणी सांगितलं नव्हतं. सरांच्या खुर्चीकडे बघायचं मी टाळलं.

एका शेतकऱ्याने विचारलं, “चिंबोरीचं बीळ आरपार कधीच नाय जात?”

“क्वचित जातं. बांध फार अरुंद असेल तिथे. बहुतेक ठिकाणी नाही.”

मग अध्यक्ष मखमली खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे खेकडा सुटला म्हणा.”

लोक हसले.

“आणि आमी बांधात एवढं औषध ओतलं, त्याचं काय?”

“खेकडे मेले. उंदीर तसेच राहिले.”

“कोणी सांगितलं होतं ओतायला?” अध्यक्षांनी हा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता, आपला सहज हवेत सोडला होता. पण सभेत खतं-औषधांचे एक दुकानदार होते आणि ते प्रामाणिक निघाले. ते उठून म्हणाले, “पुस्तिका हाय ना साहेब. बाटलीबरोबर आमी फुकट द्यायचो. मागं फोटो हाय, सर तिथं तुमच्या बाजूलाच बसलेत.”

सगळ्या माना सरांकडे वळल्या. माझ्या हातातला साचा मला एकदम जड वाटायला लागला. पदवी गेली असं मी धरून चालले. सर सावकाश उठले, कोटाचं बटण लावलं आणि माइकपाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“आज शिक्षक म्हणून मला धन्यता वाटते,” ते म्हणाले. “विज्ञान स्वतःला दुरुस्त करतं. ती पुस्तिका लिहितानाच माझ्या मनात शंका होती. त्या शंकेपायी तर मी या मुलीला या कामावर बसवलं. खेकडा निर्दोष आहे हे मी तिला पहिल्या दिवसापासून शोधायला सांगत होतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मिळाल्या होत्या त्याहून मोठा. पहिल्या रांगेत आत्या टाळ्या न वाजवता सरांकडे टक लावून बघत होती. मला वाटतं, तिलाही थोडं कौतुक वाटलं असावं.

उत्कृष्ट सादरीकरणाचं पारितोषिक आरशातल्या अक्षरांच्या गृहस्थांना मिळालं. परीक्षकांनी ‘विषयाची खोली’ असं कारण दिलं. माझ्याबद्दल ते म्हणाले की प्रयत्न स्तुत्य आहे, परंतु विषय थोडा सोपा निवडला. चहाच्या वेळी सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “बोललीस छान. जरा जास्तच कळलं.”

एवढं झाल्यावरही प्रबंध गेला तो सरांच्या भाषेतच. तिथे माझं काही चाललं नाही आणि मी फारसं भांडलेही नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जाड प्रबंध चाळत विचारलं, “थोडक्यात सांगाल का, काय सापडलं?” मी आत्याची वाक्यं सांगितली. ते खुश झाले. “मग हे यात कुठे लिहिलंय?” मी पान काढून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून एकदा वाचलं, आणि म्हणाले, “असेल, असेल.” मी डॉक्टर झाले.

पुढे मला एका कॉलेजात नोकरी लागली. सरांनी मधल्या काळात एका प्रदर्शनासाठी म्हणून माझे साचे नेले होते, ते परत आले नाहीत. काही वर्षांनी वडील शहापूरला कुणाकडे गेले होते, तिथे त्यांनी भिंतीवर जाहिरात पाहिली. ‘खेकडा : शेतकऱ्याचा मित्र’. व्याख्याते, आमचे सर. मी आणि आत्या गेलो.

टेबलावर माझे साचे मांडले होते, खाली मखमल. सर उभे राहिले आणि श्रोत्यांकडे बघत शांतपणे म्हणाले, “बांधातून पाणी जातं. दोष खेकड्याला देतात.”

“हे माझं वाक्य हाय,” आत्या माझ्या कानात म्हणाली.

सर अप्रतिम बोलले. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. एकही कवचधारी नाही, एकही परिसंस्था नाही. एकच चित्र, निळं पाणी, हातात साचा. म्हणजे त्यांना हे येत होतं. त्यांना हे नेहमीच येत असणार. अवघड बोलणं ही त्यांची अडचण नव्हती, सोय होती, आणि आता त्या सोयीची गरज उरली नव्हती. एका ठिकाणी मात्र जुनी सवय उसळली. “मग ही बिळं प्लॅस्टरने भरण्यात आली,” ते म्हणाले.

आत्या उभी राहिली. “कोणी भरली?”

“भरण्यात आली. आमच्या विभागातर्फे.”

“विभागाला हात असतात का? वाक्याला कर्ता असतो, सर. कर्ता सांगा.” आत्या पुस्तकी मराठीत बोलत होती. मी अंगणाकडे पळायच्या बेतात होते, पण तिथे अंगण नव्हतं.

लोक हसले. सरांनी मला ओळखलं आणि दोन्ही हात पसरून ते म्हणाले, “कर्ता इथेच बसला आहे. माझी विद्यार्थिनी.” त्यांनी माझं नाव घेतलं, उभं राहायला लावलं, स्वतःला मिळालेला गुच्छ मला दिला आणि श्रोत्यांना सांगितलं की पूर्वी या मुलीला चार माणसांत बोलता येत नसे, ते आपण शिकवलं. पुन्हा टाळ्या पडल्या. या माणसाला खड्ड्यात ढकललं तरी तो खालून हार घालूनच वर येईल.

कार्यक्रमानंतर चहाला सर आणि आत्या शेजारी शेजारी बसले आणि त्यांची चांगली गट्टी जमली. सर तिला विचारत होते की लहान मुलांपुढे आवाज कसा लावायचा. आत्या सांगत होती. मग दोघं माझ्याबद्दल बोलू लागले, मी तिथे नसल्यासारखे. “घाई करते,” सर म्हणाले. “शेवटचा शब्द गिळते,” आत्या म्हणाली. दोघांचंही बरोबर होतं.

मी चहा ठेवला, टेबलापाशी गेले, साचे एकेक करून सरांच्या मखमलीत गुंडाळले आणि पिशवीत भरले. कोणी अडवलं नाही. गुच्छ टेबलावर ठेवला.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. ते म्हणाले, “ते साचे कुठे दिसत नाहीत.”

“माझ्याकडे आहेत,” मी म्हणाले. “परत देणार नाही.”

मग सरांनी तब्येतीची चौकशी केली, आत्याला नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला. पुढच्या हंगामात त्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याकडून नवे साचे करून घेतल्याचं ऐकलं. व्याख्यानं जोरात चालू राहिली.

माझे साचे आता माझ्या विभागातल्या काचेच्या कपाटात आहेत. नव्या विद्यार्थ्यांना ते आल्याचे वाळलेले गड्डे वाटतात. कोणी विचारलं तर मी सांगते.